ब्रेकची डिस्क कधी बदलावी?

मे महिना लागला की दापोली, खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या आपल्या मोहल्ल्यांत एक ओळखीचे दृश्य दिसते. कुवेत, दोहा, दुबईहून सुट्टीवर आलेली माणसे अंगणातल्या ताडपत्र्या काढतात आणि आठ-दहा महिने उभी असलेली गाडी बाहेर येते. बॅटरी चार्जिंगला जाते, टायरांत हवा भरली जाते, मागच्या सीटखाली उंदराने काय कुरतडले ते पाहिले जाते. दोन दिवसांत गाडी तयार. तिसऱ्या दिवशी घरातली सात माणसे तिच्यात बसून एखाद्या निकाहाला, नाहीतर घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूरच्या दवाखान्याला निघतात. चाकाच्या आत डोकावून ब्रेकच्या डिस्ककडे मात्र फारसे कोणी बघत नाही.

मी भाषेचा शिक्षक, गाडीचा मिस्त्री नव्हे. पण आमच्या नात्यागोत्यात निम्मे लोक परदेशी असल्यामुळे मागे राहिलेल्या गाड्या गॅरेजला नेण्या-आणण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे येत आहे. त्यातून जे शिकलो, जाणत्या मिस्त्र्यांना विचारून जे पक्के केले, ते इथे मांडतो. घरातल्या बायकांनीही हे वाचावे असे मला मुद्दाम वाटते. कारण नवरा किंवा मुलगा आखातात असताना गॅरेजमधल्या मिस्त्रीसमोर उभे राहून “भाबी, डिस्क गेली, बदलावी लागेल” हे ऐकण्याची वेळ त्यांच्यावरच येते, आणि त्यावर हो म्हणायचे की नाही हे त्यांनाच ठरवावे लागते.

आधी वस्तू ओळखू. चाकाच्या मागे, चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक गोल तबकडी असते, तीच डिस्क. तिला रोटरही म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात आणि हे पॅड ज्या चिमट्यात बसतात तो कॅलिपर. आपण पॅडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर जातो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड फिरत्या तबकडीला दोन्हीकडून आवळतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या दोन चाकांना डिस्क आणि मागच्या दोन चाकांना ड्रम असतो. महागड्या गाड्यांना चारही डिस्क. मोटारसायकलला आणि आता पुष्कळ स्कूटरनाही पुढे डिस्क असते.

ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्या वेळी पॅडसाठी योग्य पदार्थ नव्हता, आणि हे ब्रेक मोटारींत खरे रुळले ते पन्नास वर्षांनी. फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत १९५३ साली डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली, त्यानंतर ड्रमला मागे सारून डिस्क पुढे आली. कारण एकच: डिस्क उघड्यावर असते, तिला वारा लागतो, ती लवकर थंड होते.

थंड होणे हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा फळ्यावर हिशेब करून दाखवला, तो मला फार आवडला. हजार किलो वजनाची गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल आणि ती पूर्ण थांबवली, तर जी उष्णता तयार होते ती साधारण एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेल इतकी असते. म्हणजे चुलीवर दहा कप चहाचे आधण. ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत त्या तबकड्यांच्या आणि ड्रमांच्या अंगावर पडते, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात. वेग दुप्पट केला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. आता घाट घ्या. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. हजार किलोची गाडी तेवढी उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात पंधरा लिटर पाण्याला उकळी येईल. त्यातला काही भाग वारा खातो, गाडी गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन खाते, आणि उरलेला ब्रेकच्या नशिबी येतो. ज्याने गाडी न्यूट्रल करून सोडली, त्याने इंजिनाचा सगळा वाटाही ब्रेकवरच टाकला.

तबकडीची जाडी महत्त्वाची का, हे यावरून कळते. जाड पातेले सावकाश तापते, पातळ पातेले पटकन लाल होते. डिस्क झिजून पातळ झाली की तीच उष्णता कमी लोखंडात साठवायची असते, म्हणून ती जास्त तापते. अति तापलेल्या ब्रेकची पकड सुटते, पॅडल जोरात दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पातळ डिस्कला तडे लवकर जातात. आणि डिस्कबरोबर पॅडही संपत आले असतील तर कॅलिपरच्या पिस्टनला नेहमीपेक्षा जास्त बाहेर यावे लागते. तो फारच बाहेर आला तर ऑइल गळून त्या चाकाचा ब्रेकच जाण्याची भीती असते.

म्हणून डिस्क बनवणारी कंपनी तिच्यावरच एक आकडा कोरून ठेवते: किमान जाडी. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर ‘मिनिमम थिकनेस’ किंवा त्याचे लघुरूप ‘मिन टीएच’ अशी अक्षरे आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा असतो. गंजामुळे तो दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने घासून पाहावा. तरीही मिळाला नाही तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येतो. नवी डिस्क आणि हा किमान आकडा यांत मोटारीच्या बाबतीत बहुधा दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. म्हणजे नवी २२ मिलिमीटर असेल तर २० ला तिचे आयुष्य संपले. मोटारसायकलची डिस्क मुळातच चार-साडेचार मिलिमीटरची, तिथे अर्ध्या मिलिमीटरची झीज म्हणजे शेवट. हे नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही. मिस्त्रीने चाकाच्या फटीतून बोट फिरवून “गेली” म्हटले की त्याला आदबीने विचारा, “मोजली का? किती भरली? किमान किती आहे?” हे तीन प्रश्न विचारल्यावर चांगला मिस्त्री खुश होतो. जो चिडतो त्याच्याबद्दल तुम्हीच काय ते ठरवा.

मोजायचे कसे? शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतो, आता बाजारात आकडे दाखवणारा डिजिटलही मिळतो. पण एक मेख आहे. डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, तिथे झीज होत नाही, त्यामुळे कडेला एक उंच काठ उरतो, ताटाला असतो तसा. व्हर्निअरचे सरळ जबडे त्या काठावर टेकतात आणि आतल्या झिजलेल्या भागाऐवजी काठाचीच जाडी दाखवतात. डिस्क संपलेली असताना आकडा ठणठणीत येतो. जाणकार लोक यासाठी मायक्रोमीटर वापरतात. घरी करायचे तर सारखी दोन नाणी घ्या. आधी दोन्ही नाणी एकत्र धरून त्यांची जाडी मोजा. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, काठाच्या आत, एकेक नाणे धरून वरून व्हर्निअर लावा आणि आलेल्या आकड्यातून नाण्यांची जाडी वजा करा. समजा नाण्यांसकट २४.१ आले आणि दोन नाणी मिळून ३.६ भरली, तर डिस्क २०.५. किमान आकडा २० असेल तर अजून थोडी बाकी आहे, पण पुढचे नवे पॅड संपेपर्यंत ती टिकणार नाही, हे समजून घ्यावे. एकाच जागी मोजून थांबू नका, तबकडी फिरवत सहा-आठ ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा खरा धरा.

चाक काढायचे तर जमीन सपाट असावी, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावलेले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत. आणि गाडी नुकतीच चालून आली असेल तर तबकडीला बोट लावू नका, कातडी चिकटते. तासभर थांबा.

आकडा ठीक असला तरी डिस्क बदलावी लागेल अशी आणखी काही लक्षणे आहेत. त्यांतले सर्वांत जास्त तक्रार होणारे म्हणजे थरथर. ताशी साठ-सत्तरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरते, किंवा पॅडल पायाखाली धडधडते. मिस्त्री म्हणतात “डिस्क बेंड झाली”. बहुतेक वेळा ती पापडासारखी वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा मसाला तिच्यावर कुठे जास्त, कुठे कमी चिकटलेला असतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात असला तरी पायाला जाणवतो. स्टेअरिंग थरथरले तर दोष पुढच्या चाकांत, सीट किंवा फक्त पॅडल थरथरले तर मागेही पाहावे.

पण हे तेव्हाच, जेव्हा थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते. ब्रेक न दाबता एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग हलत असेल तर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्या, डिस्कवर खर्च करू नका. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा आणि अडकलेला कॅलिपर तपासा. आणि पावसात किंवा वाळूवर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली टकटक-टकटक झाले तर घाबरू नका, ती एबीएस यंत्रणा आपले काम करते आहे. पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना ही यंत्रणा सक्तीची आहे, तरी पुष्कळ जणांना तिचा हा धक्का माहीत नसतो आणि तेवढ्यावर ते गॅरेज गाठतात.

आवाजांचेही तसेच. बारीक, कानात घुसणारी शिट्टी येऊ लागली तर बहुधा पॅड संपत आले आहेत. काही पॅडना त्यासाठीच पत्र्याची एक जीभ बसवलेली असते, ती डिस्कला घासून इशारा देते. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलून टाकावेत. हे दुर्लक्षिले की शिट्टीचा आवाज जाऊन खरखर सुरू होते, लोखंडावर लोखंड. तेव्हा पॅडची पाठ तबकडीला खरवडत असते. काही दिवसांत हजार-बाराशेच्या जागी कित्येक पटींचा खर्च येतो, कारण डिस्कवर खोल चऱ्या पडतात. नखाने चाचपून पाहा (डिस्क थंड असताना). जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा असणे स्वाभाविक आहे, त्यांनी काही बिघडत नाही. नख अडकून थांबेल इतकी खोल चरी असेल तर ती डिस्क नव्या पॅडना खाऊन टाकेल.

अशी डिस्क लेथवर घासून सपाट करता येते का? येते. गॅरेजवाले त्याला फेसिंग म्हणतात. पण घासल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे, आणि वर म्हणजे बऱ्यापैकी वर, काठावर नव्हे. आमच्या एका आप्तांनी, कुवेतहून महिनाभर आले असताना, दोनदा फेसिंग झालेली डिस्क तिसऱ्यांदा लेथवर द्यायला सांगितली. मिस्त्री भला होता. त्याने व्हर्निअर लावून आकडा दाखवला: किमानच्या खाली दीड मिलिमीटर. आप्त म्हणाले, “अरे, चालते रे, तिकडून येऊन महिनाभर तर चालवायची आहे.” त्याने काम करायला साफ नकार दिला. त्या महिनाभरात त्यांना आंबा घाट दोनदा उतरायचा होता, भाचीच्या निकाहासाठी. शेवटी नव्या डिस्क बसल्या, आणि पैशांवरून घरात दोन दिवस अबोला झाला. मला त्या मिस्त्रीचे कौतुक वाटते. गिऱ्हाईक परत पाठवणे सोपे नसते.

याच्या उलटही घडते. आमच्या शाळेतल्या एका बाईंना एका गॅरेजने पॅड बदलताना “बरोबर डिस्क पण टाकू” असे सांगून अंदाजपत्रक दिले. मोजले तर २१.३ भरली, किमान २०. रेषा बारीक, थरथर नाही, तडे नाहीत. फक्त पॅड बदलून गाडी अजून पळते आहे. पॅडच्या प्रत्येक जोडीबरोबर डिस्क बदललीच पाहिजे असा नियम नाही. इतक्या किलोमीटरला बदलावी, असाही नाही. मुंबईच्या गर्दीत क्षणोक्षणी ब्रेक मारणारी गाडी, घाटातली गाडी आणि सरळ महामार्गावरची गाडी यांची झीज कशी सारखी असेल?

तडे हा विषय मात्र मोजमापाचा नाही. अति तापल्याने तबकडीच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी दिसते, तिच्यावर लक्ष ठेवावे. पण भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, किंवा बोटाला जाणवत असेल, तर जाडी कितीही असो, ती डिस्क त्याच दिवशी बदला. निळसर-जांभळे डाग दिसले तर ते जळल्याच्या खुणा आहेत. तिथले लोखंड कडक झालेले असते, ते कमी झिजते, आणि मग तिथेच उंचवटा होऊन थरथर सुरू होते. फेसिंगने हे डाग पूर्ण जातील याची खात्री नसते, कारण कडकपणा आतवर गेलेला असतो.

आता गंज. कोकणातल्या उभ्या गाड्यांचा हा खरा शत्रू. बीड हे गंजणारच. रात्री पाऊस पडला, सकाळी तबकडी नारिंगी दिसली, पहिल्या चार-सहा ब्रेकांत ती चकचकीत झाली: हे रोजचे आहे. पण समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि ताडपत्रीखाली कोंडलेली दमट हवा यांत आठ महिने उभ्या गाडीचा गंज वरवरचा राहत नाही, तो लोखंड पोखरतो. शिवाय ज्या जागी पॅड तबकडीला टेकून राहिले तिथे पॅडच्या आकाराचा ठसाच उमटतो, आणि गाडी चालू केल्यावर दर फेऱ्याला ‘खुट’ असा धक्का देतो.

अशी गाडी बाहेर काढल्यावर लगेच माणसे भरून निघू नये. एकट्याने, गर्दी नसलेल्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने पंधरा-वीस वेळा बेताचे ब्रेक मारावेत, मध्ये थंड होऊ द्यावे. मग चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून पाहावे. पॅडची सगळी वाट चकचकीत झाली असेल तर छान. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला गंजाचा पट्टा तसाच राहिला असेल तर तेवढ्या भागावर पॅड टेकतच नाही, म्हणजे तेवढा ब्रेक तुमच्याकडे नाही. आतली बाजू पाहायला विसरू नका. बाहेरून देखणी दिसणारी डिस्क आतून खड्ड्याखड्ड्यांची निघते, कारण कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या की एकाच बाजूचा पॅड काम करतो. अशा वेळी नुसती डिस्क बदलून उपयोग नाही, पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावून घ्यावे लागते, नाहीतर नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल. पुढच्या डिस्क बहुधा दोन पानांच्या असतात, मध्ये वारा खेळायला पोकळी आणि आडव्या पट्ट्या. या पट्ट्याही गंजतात. तिथून गंजाचे पोपडे पडत असतील तर वरची जाडी बघत बसू नका.

मागे राहिलेल्या घरच्यांना एक विनंती. “गाडी आठवड्याला स्टार्ट करते” असे पुष्कळ भाबी सांगतात. त्याने बॅटरीचे थोडेफार भले होते, ब्रेकचे काहीच होत नाही. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा गाडी खरोखर दोन-चार किलोमीटर चालवावी, नाहीतर घरातल्या एखाद्या लायसन्सवाल्याकडून चालवून घ्यावी. आणि लांब मुदतीसाठी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना ओंडके लावावेत.

दुचाकीचे सोपे, सगळे उघडे दिसते. पण तिथे दोन गोष्टी जास्त घडतात. एक, टेंपोतून गाडी नेताना दोरी डिस्कवर आवळली गेली, किंवा डिस्कला लावलेले कुलूप न काढताच गाडी पुढे ढकलली, की पातळ तबकडी खरोखर वाकते. मग ब्रेकचा लिव्हर बोटांना ठोके देतो. दुसरी, ऑइल. साखळीला स्प्रे मारताना तो मागच्या डिस्कवर उडतो. वॉशिंग सेंटरवाले गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल किंवा ऑइल फवारतात, त्यांना आधीच सांगावे की डिस्कच्या जवळ नळी आणायची नाही. तेल पडलेच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून साफ होते, पण पॅडने तेल प्यायले असेल तर पॅड टाकून द्यावे लागतात. तसेच घाट उतरून आल्या आल्या धाब्याशेजारच्या सेंटरवर तापलेल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारू देऊ नका. तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होते ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

घाटात कसे उतरावे, यावर वेगळा लेख होईल, पण थोडे इथेच सांगतो, कारण डिस्क तिथेच मरते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून घासत येण्यापेक्षा वेग वाढला की नीट दाबून कमी करावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात वारा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणाऱ्यांना तर हिशेबही माहीत नसतो: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर, इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. पुण्याला नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे जे अपघात वारंवार होतात, त्यांच्या कारणांत ही न्यूट्रलची सवय पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. त्या गाड्यांचे ब्रेक वेगळ्या जातीचे असतात, उष्णता तीच. घाट संपल्यावर चहाला थांबाल तेव्हा पॅडल दाबून ठेवत बसू नका, तापलेला पॅड एकाच जागी चिकटून ठसा सोडतो.

बदलायचे ठरले तर काही गोष्टी गॅरेजमध्ये उभे राहून पाहाव्यात. डिस्क जोडीने बदलतात, म्हणजे पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. एकच नवी टाकली तर दोन चाकांची पकड वेगळी होते आणि गाडी ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड चढवू देऊ नका, ते जुन्या चऱ्यांच्या आकाराचे झालेले असतात. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज घासून काढला पाहिजे. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी तबकडी तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते, मग दोष नव्या डिस्कला दिला जातो. नवी डिस्क पेटीतून निघते तेव्हा तिला गंज न चढण्यासाठी तेलाचा थर असतो, तो पुसलाच पाहिजे. आणि चाकाचे नट हवेच्या गनने धडाधड न आवळता, समोरासमोरचे एकेक करून, टॉर्क पान्याने आवळावेत. घाईत असलेल्या गॅरेजमध्ये हबची सफाई आणि नट आवळणे हीच दोन कामे हमखास राहतात, म्हणून मी तिथे खुर्ची टाकून बसतो. लोक हसतात.

त्याच वेळी ब्रेक ऑइल किती जुने आहे तेही विचारा. ते हवेतला ओलावा शोषते, ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, आणि घाटात ते आतल्या आत उकळून वाफ झाली की पॅडल स्पंजासारखे खाली जाते. बहुतेक कंपन्या दोनेक वर्षांनी ते बदलायला सांगतात.

नव्या डिस्क-पॅडची पहिल्या दिवशी पूर्ण पकड नसते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसवर, पूर्ण न थांबता, असे वीस-पंचवीस वेळा हळूहळू वेग कमी करा, मध्ये अंतर ठेवा. यातून पॅडचा मसाला तबकडीवर एकसारखा बसतो. म्हणून हे काम सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी किंवा बारात निघायच्या सकाळी करून घेण्यात अर्थ नाही. आल्या आल्या, पहिल्या आठवड्यात करावे.

जुन्या डिस्क मागून घ्या. त्यांच्यावरचा किमान आकडा आणि मोजलेला आकडा बिलावर लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसह. आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात अशी एक चिठ्ठी असते. पुढच्या खेपेला गाडी भाऊ घेऊन जावो, मेहुणा जावो की भाबी, मिस्त्रीशी बोलणे त्या चिठ्ठीवरून सुरू होते. बीड भंगारात किलोवर जाते. आमच्या अंगणात मात्र एका जुन्या डिस्कवर कुंडी ठेवलेली आहे, आणि दुसरी अम्मींनी लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून मागितली होती. गंजामुळे त्यांना नाही म्हणावे लागले.